माणगावचा पुतळा आणि इथला इतिहासाचा तास

लेस्टर, इंग्लंड

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं.

आज लिहितोय ते मुक्ताच्या इतिहासाच्या वहीबद्दल. शाळेत सध्या दुसरं महायुद्ध शिकवतायत. डंकर्क, लंडनवरचे बॉम्बहल्ले, नॉर्मंडी सगळं आहे, आणि ज्यूंच्या संहाराचा भाग तर फार जबाबदारीनं शिकवलाय. पण अख्ख्या वहीत हिंदुस्थान नाही रे! २५ लाखांची फौज नाही. लंडनच्या घरात रेशनवर किती लोणी मिळे हे पोरीला पाठ आहे, पण १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तीसेक लाख माणसं गेली, हे तिच्या बाईंच्या तोंडून एकदाही आलेलं नाही. वर्गात निम्मी मुलं गुजराती नि पंजाबी घरांतली आहेत.

आपल्या शूरांची चार नावं जोडली की झालं, असं मला वाटत नाही. हे युद्ध स्वातंत्र्यासाठी होतं असं वहीत लिहिलंय, आणि ते खोटं नाही. पण १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोंनी आपल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता देश युद्धात ओढला. १० जुलै १९४४ ला तुमच्याकडचे नाईक यशवंत घाडगे इटलीत शत्रूच्या मशिनगनवर एकटे चालून गेले, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं आणि तिथेच गोळी लागून पडले. त्या दिवशी नेहरू इंग्रजांच्याच कैदेत, अहमदनगरच्या किल्ल्यात होते. या दोन गोष्टी एकाच तासाला समोर आल्या, तर गोऱ्या मुलांनाही युद्ध निराळं दिसेल.

आणि आडकाठी नियमांची नाही. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात या वयाला सक्तीचा विषय ज्यूंचा संहार एवढाच. बाकी काय निवडायचं ते शाळेच्या हातात आहे. बाईंना भेटलो. त्यांनी मनापासून ऐकलं, आणि पुढच्या महिन्यात मुक्ताला अर्धा तास देते म्हणाल्या.

म्हणून एक काम कर. माणगावच्या घाडग्यांच्या पुतळ्याचा आणि चौथऱ्यावरच्या मजकुराचा स्वच्छ फोटो पाठव. त्यांच्या गावी, पळसगावात, जुनं कुणी भेटलं तर विचार, पोरं फौजेत गेल्यावर मागे घरं कशी चालत होती. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून धाड, इंग्रजी मुक्ता करेल.

काकूंना नमस्कार.

तुझा,
दिलीप