मराठवाड्याच्या पानावरही भरती-ओहोटीच्या वेळा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात जायकवाडीचा पाणीसाठा येतो, लातूर बाजारातले सोयाबीन-तुरीचे भाव येतात, पंचांग येतं, सूर्योदय-सूर्यास्त येतो. हे सगळं आमच्या कामाचं आहे. त्याच चौकटीत आणखी दोन ओळी घालाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे: कोकण किनाऱ्यावरची त्या दिवसाची भरती आणि ओहोटी. जिथे समुद्रच नाही त्या भागाला हे कशाला, असं कुणी विचारेल. समुद्राकाठच्या माणसाला पाण्याकडे बघूनच कळतं. आम्हाला कळत नाही, म्हणून आम्हाला ते छापील हवं.

मी अहमदपूर तालुक्यातल्या एका गावात महिला बचत गटांचं काम बघते. गटांच्या सहली ठरवणंही हळूहळू माझ्याकडेच आलं. पूर्वी आमच्या बायांची सहल म्हणजे तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट, फार तर गाणगापूर. आता तसं राहिलेलं नाही. नांदेडहून अहमदपूर, लातूर, औसा, तुळजापूर करत जाणारा रस्ता पुढे सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून थेट रत्नागिरीला पोचतो. त्यात २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर त्याच्या आधीच्या वर्षापासून मोफत. ज्या बाईने जन्मात नदीपलीकडचं पाणी पाहिलं नाही, ती आता गणपतीपुळ्याच्या वाळूत उभी असते. मला याचा फार आनंद आहे. पण तिला तिथवर नेणारे रस्ता आणि तिकीट दोन्ही मिळाले, त्या पाण्याबद्दल दोन शब्द सांगणारं मात्र कुणी मिळालं नाही.

पहिली अडचण महिन्याची. आमच्याकडे बाई मोकळी होते ती मेच्या अखेरीस. लग्नसराई उरकलेली, लेकरांच्या शाळा बंद, रान नांगरून पडलेलं, पेरणीला अवकाश. "मिरगाच्या आत जाऊन येऊ" असं सगळ्याच म्हणतात. आणि नेमका तेव्हाच समुद्र बंद होतो. साधारण २५-२६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत किल्ल्यांवर नेणाऱ्या प्रवासी होड्या आणि पाण्यातले खेळ बंद ठेवले जातात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीचीही बंदी असते. ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे, तो माणूसच होडी ओढून वर घेतो आणि झापांनी झाकून ठेवतो. आपल्याकडे तेव्हा आभाळ कोरडं असतं, ऊन तापलेलं असतं, त्यामुळे पावसाळा अजून लांब आहे असं वाटतं. पण लांबवर सुटलेल्या वाऱ्याच्या लाटा पावसाच्या आधी किनाऱ्याला येऊन पोचलेल्या असतात.

आमच्या भागातल्या एका सहलवाल्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात बायांची गाडी मालवणला नेली. पत्रकात ठळक अक्षरांत सिंधुदुर्ग किल्ला होता, पैसे आगाऊ घेतले होते. जेट्टीवर पोचल्यावर कळलं की होड्या बंद आहेत. गाडीत सत्तरीची एक आजी होती. किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, तो डोळ्यांनी बघायचा म्हणून तिने हातखर्चातले पैसे बाजूला टाकले होते. ती जेट्टीच्या टोकाला उभी राहिली, समोर कुरटे बेटावरचा तट दिसत होता, तिने तिथूनच पदर सारखा करून हात जोडले. सहलवाला म्हणाला, "निसर्गापुढं कुणाचं काय चालतं?" मला याचा आजही राग येतो. होड्या दरवर्षी त्याच सुमारास बंद होतात. ज्याचा धंदाच सहलींचा आहे त्याला हे ठाऊक नसावं, हे मी मानत नाही. ठाऊक असून सांगितलं नसेल, तर ती फसवणूक आहे.

श्रावणात देवदर्शनाला जोडून समुद्र बघायचा बेतही असाच फसतो. नारळी पौर्णिमा झाली की कोळी बांधव होड्या पाण्यात घालतात हे खरं, पण तेवढ्यावर प्रवासी होड्या सुरू होत नाहीत. सप्टेंबरातही समुद्र निवलेला असेलच असं नाही. माझ्या मते आमच्या लोकांसाठी खरा काळ मार्गशीर्षाचा, म्हणजे डिसेंबरचे पहिले दोन-तीन आठवडे. सोयाबीन विकून झालेलं असतं, हरभरा उगवून वर आलेला असतो, तूर अजून काढणीला आलेली नसते. तिकडे हवा कोरडी, पाणी शांत आणि इतकं नितळ की मालवण-तारकर्लीला पाण्याखालचं बघायचं असेल तर तेव्हाच बघावं. नाताळ ते नवीन वर्ष हे दिवस सोडून द्यावेत, खोल्यांचे भाव आणि गाड्यांच्या रांगा दोन्ही सोसत नाहीत. लेकरांना कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दाखवायची असतील तर मार्च-एप्रिलमध्ये वेळासला जावं.

पण महिना बरोबर निवडला म्हणजे झालं, असं नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली. तेव्हा पावसाळा नव्हता. म्हणून मी दिवसाच्या वेळेबद्दल जास्त कळकळीने लिहिते आहे.

कोकणात एक जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती, सव्वापाचच्या सुमारास ओहोटी. वेळ थोडी पुढेमागे होते, जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, पण अंदाज पक्का येतो. आमच्या भागात प्रत्येक भिंतीवर दिनदर्शिका आहे आणि प्रत्येक बाईला आजची तिथी तोंडपाठ आहे. आठवीच्या पोरीला सांगितलं तर ती तोंडी करून देते.

आता हा हिशेब आमच्या सहलींना लावून बघा. आमचे लोक देवाच्या ठिकाणी जायला पौर्णिमा धरतात, तुळजापूरची सवय आहे. हरिहरेश्वरला देवदर्शनानंतर प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या फटीतल्या पायऱ्यांनी खाली उतरते आणि समुद्राला लागून खडकांवरून जाते. ही वाट फक्त ओहोटीला चालायची. पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे लांबून आलेली गाडी दर्शन आटोपून मोकळी होते त्याच वेळी, तिथे उधाणाची भरती असते. पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला उधाण म्हणतात ते उगीच नाही, पाणी इतर दिवसांपेक्षा पुष्कळ वर चढतं. त्या खडकांवरून माणसं ओढली गेली आहेत. तीच प्रदक्षिणा एकादशीला करायची झाली तर दुपारी सव्वादोनला ओहोटी, एकच्या सुमारास निघावं आणि पाणी फिरायच्या आत वर यावं. आमच्या माळकरी बायांना एकादशी तशीही प्रिय आहे.

गणपतीपुळ्याला संकष्टी धरून जातात. चतुर्थीला भरती दुपारी तीनला. तीननंतर रात्री नऊपर्यंत पाणी मागे मागे जात राहतं. दर्शन झालेलं, उपास चंद्रोदयाला सोडायचा, तोवर वेळ काढायला सगळे वाळूत उतरतात, ते नेमके पाणी आत ओढत असताना. उतार तिथे मुळातच फसवा आहे. किनाऱ्यावर इशाऱ्याच्या पाट्या आहेत, जीवरक्षक शिट्ट्या मारतात. आमच्यातल्या काही जणांना वाटतं, तो उगाच हटकतोय. तो वेळ बघून हटकत असतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचंही तसंच, ओहोटीला चालत जाता येतं आणि परतायला उशीर झाला की भोवती पाणी. गाडी तर कुणीही वाळूत उतरवू नये. चाक रुतलं की तिला भरतीच्या आत बाहेर काढणारं कुणी भेटेलच असं नाही.

आमची माणसं विहिरीत पोहायला शिकलेली असतात. पाठीला डबा बांधून शिकलेला गडी माजलगावच्या धरणात सूर मारतो आणि समुद्रालाही तसाच जातो. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्रात लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत दिसतो, तिथे लाट फुटत नाही. नवख्या माणसाला तीच जागा बरी वाटते, आणि बहुतेकदा तिथूनच पाणी आत परतत असतं. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, दम तिथेच संपतो. आधी किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या ओढीच्या बाहेर पडावं, हात वर करावा, मग लाटेबरोबर आत यावं. काठावरच्याने त्याच्यामागे उडी न घेता जीवरक्षकाला बोलवावं, ११२ ला फोन लावावा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

आणि साडीबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. बाया पाण्यात जातात त्या एकमेकींचा हात धरून, ओळीने. गुडघाभर पाण्यात उभ्या असताना लाट परत जाते तेव्हा टाचेखालची वाळू निघून जाते, मधली एक बसते आणि दोन्ही बाजूच्यांना खाली घेते. भिजलेली साडी पोटऱ्यांना गुंडाळते, उठायला पाय मोकळा मिळत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, पुढची लाट यायच्या आत तिथल्या एका नारळवाल्याने दोघींना दंडाला धरून ओढलं. आमच्या गटात आता नियम आहे: समुद्राला जायचं तर पंजाबी ड्रेस किंवा आखूड खोचलेलं लुगडं, आणि पाणी पोटरीपर्यंत. सासवांनी सुरुवातीला नाकं मुरडली, नंतर त्यांनीच मुलीचे ड्रेस मागून घेतले.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. कोकणात घरगुती निवासातही प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र मागतात, एकीचं आधार दाखवून भागत नाही. पाण्याखाली डुबकी मारायच्या आधी प्रकृतीचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, रक्तदाबाची गोळी, गरोदरपण यांतलं काही असेल तर सही करायच्या आधी सांगावं, पैसे भरले म्हणून लपवू नये. २०२४ च्या जानेवारीनंतर आमच्याकडेही लक्षद्वीपची चौकशी सुरू झाली. तिथे आपल्याच देशाच्या नागरिकाला आधी प्रवेश परवाना काढावा लागतो, त्यासाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो. हा नियम १९६७ पासूनचा आहे. गावातून दाखला मिळायला किती दिवस जातात ते आपण जाणतोच. आधी परवाना, मग विमानाचं तिकीट. अंदमानात श्री विजयपुरम (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) किंवा स्वराज द्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक) जायला आपल्याला तसा परवाना लागत नाही, फक्त आदिवासींच्या राखीव भागात जाता येत नाही.

आता मागणी. मुंबई आणि कोकणातल्या वाचकांना भरती-ओहोटीच्या वेळा वर्तमानपत्रात मिळतात. मराठवाडा आवृत्तीत त्या मिळत नाहीत. अलिबाग, रत्नागिरी आणि मालवण या तीन ठिकाणच्या वेळा द्याव्यात. समुद्राच्या उंच लाटांचा इशारा देणारी केंद्र सरकारची संस्था हैदराबादला आहे, म्हणजे आमच्या लातूरपासून मुंबईपेक्षा जवळ. तिचा इशारा आला की तो हवामानाच्या बातमीत छापावा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सहली ठरत असताना, होड्या कधी बंद होणार याची चौकट पहिल्या पानावर द्यावी. आणि सहलवाल्यांच्या जाहिराती आपण घेता, तेव्हा किल्ल्याचं नाव छापणाऱ्याला त्या तारखेला होडी सुरू आहे का, एवढं विचारावं.

आपण छापलंत तर आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सहलीच्या आठवड्यात त्या वेळा रोज लिहायचं काम मी घेते. फळा आमच्या गटाच्या खोलीशेजारीच आहे.

आपली नम्र,
महिला बचत गटाची सचिव,
ता. अहमदपूर, जि. लातूर