सवलत द्यायचीच तर ती आमच्या वीजबिलात दिसू द्या

प्रति,
मा. वित्तमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: वीज वाचवणारी घरं आणि विजेवरची वाहनं यांना करसवलत कोणत्या करात द्यावी याबाबत

महोदय, सविनय नमस्कार.

अर्थसंकल्प जवळ आला की एक मागणी हमखास ऐकू येते. घरावर सोलर बसवणाऱ्याला, इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला आयकरात सवलत द्या म्हणून. हेतू चांगलाच आहे. पण मी देवगडात लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो, त्यामुळे माझ्या टेबलासमोर कोण बसतं ते मला ठाऊक आहे. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, पेन्शनर, दोन-चार ठेकेदार आणि लॉजवाले. आंबा बागायतदार येतो तो बहुतेक वेळा बँकेने कर्जासाठी विवरणपत्र मागितलं म्हणून. शेतीचं उत्पन्न करमुक्तच आहे. खलाशी, रिक्षावाला, खानावळ चालवणारी बाई यांचा आयकराशी फारसा संबंध येत नाही. त्यात २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर साधारणपणे कर लागत नाही, म्हणजे जे थोडे भरत होते त्यांतलेही बरेच सुटले. त्यांचं सुटणं चांगलंच झालं. पण ज्याला करच नाही त्याला सवलत कशातून देणार? एका तांडेलाने मला हेच विचारलं होतं, “माका टॅक्सच लागना नाय, मग सूट खयसून गावतली?”

हा प्रयोग देशात एकदा झाला आहे. २०१९ मध्ये आयकर कायद्यात कलम ८० ईईबी आलं. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरील व्याजाला वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट. पण कर्ज बँकेचं किंवा ठरावीक वित्तकंपन्यांचंच हवं. आमच्याकडे स्कूटर येते ती पतसंस्थेच्या कर्जावर, म्हणजे ती आधीच बाद. शिवाय करदाता जुन्या करप्रणालीत राहिलेला हवा आणि कर्ज ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेलं हवं. या चाळणीतून आमच्या किनाऱ्यावर कोण खाली उतरणार होतं?

अमेरिकेचंही उदाहरण दिलं जातं. तिथे २०२२ च्या कायद्यानुसार घरावरच्या सौर यंत्रणेच्या खर्चाची ३० टक्के रक्कम आणि नव्या इलेक्ट्रिक गाडीसाठी ७,५०० डॉलरपर्यंत रक्कम थेट देय करातून वजा होत असे. पण गाडी घेणाऱ्याचा कर तेवढा झालाच नाही, तर उरलेली सवलत वाया जायची. म्हणून २०२४ पासून गिऱ्हाइकाला ती विक्रेत्याच्या नावे करून गाडीच्या किमतीतूनच कापून घेता येऊ लागली. म्हणजे आयकराच्या वाटेने निघालेली सवलत शेवटी दुकानाच्या गल्ल्यावर आली. पुढे जुलै २०२५ च्या कायद्याने गाड्यांची सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला आणि घरांची ३१ डिसेंबर २०२५ ला बंद केली, तो भाग वेगळा.

आयकर केंद्राचा आहे, तुमच्या अखत्यारीत येत नाही. माझ्या मते बरंच आहे. कारण कोकणातलं घर जे कर खरोखर भरतं, त्यांतले तीन राज्याच्या हातात आहेत: वीज शुल्क, घरपट्टी आणि जीएसटीतला राज्याचा वाटा.

वीजबिलाच्या मागच्या बाजूला वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन असं सगळं आलं की त्याखाली एक ओळ असते: वीज शुल्क १६ टक्के. हा कर भरायला पॅन लागत नाही. वाडीतली एकटी राहणारी म्हातारीही तो भरते आणि त्याला कुणी कर म्हणत नाही. सवलतीला याहून सोपी जागा मला दिसत नाही. ज्या घराने विजेचा वापर कमी करणारी खरेदी केली, त्याचं वीज शुल्क पाच वर्षं माफ करा आणि माफ केलेली रक्कम बिलावर वेगळ्या ओळीत छापा. बाहेरून कुणी पैसे पाठवायचे नाहीत, खात्यावर काही जमा व्हायचं नाही, त्यामुळे मधेच काही अडकायचंही नाही.

खरेदी कसली, तर मी सोलरपासून सुरुवात करणार नाही. आमच्याकडे बरीच घरं महिन्याला १०० युनिटांच्या आतच असतात. कित्येक तर शिमगा, मे महिना आणि गणपती सोडले तर कुलूपबंद. अशा घरात फरक पडतो तो पंख्याने. इथली हवा दमट, पंखा दिवसरात्र चालतो. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस) मोटरचा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तरी एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिटं वाचतात. तरी लोक घेत नाहीत, कारण दुकानात तो जवळपास दुप्पट किमतीला दिसतो. आणि कर दोन्हींवर सारखाच, १८ टक्के. फ्रीजलाही तसंच. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला तोही एका ताऱ्याच्या आणि पाच ताऱ्यांच्या एसीला सरसकट. वीज वाचवणाऱ्या वस्तूला करात वेगळं काहीच मिळत नाही.

जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यांची मिळून असलेली जीएसटी परिषद ठरवते, हे मला माहीत आहे. पण राज्याच्या वाट्याचा परतावा देण्याची पद्धत राज्याकडे आहेच. सामूहिक प्रोत्साहन योजनेत उद्योगांना राज्य जीएसटीवर आधारित प्रोत्साहन मिळतं. मग पाच तारांकित पंख्यावरचे ९ टक्के घरगुती ग्राहकाला का मिळू नयेत? कर सोडून अडीच हजारांच्या पंख्यावर ती रक्कम २२५ रुपये होते. तेवढ्यासाठी कुणी अर्ज करत फिरणार नाही, म्हणून दुकानदाराने पंख्याच्या बिलावर गिऱ्हाइकाचा वीजग्राहक क्रमांक लिहावा आणि पुढच्या वीजबिलात ती रक्कम वजा होऊन यावी.

परताव्याबद्दल बोलताना मच्छीमारांची आठवण काढावीच लागते. यांत्रिक बोटींच्या डिझेलवरचा विक्रीकर सोसायट्यांमार्फत परत मिळतो, हे इथल्या प्रत्येक बंदरावर माहीत आहे. आयकर न भरणाऱ्यालाही करसवलत देता येते याचा तो घरचा पुरावा. पण त्याची थकबाकी हाही प्रत्येक बंदरावरचा जुना विषय आहे. बोट समुद्रात लोटायची तर डिझेलचे पैसे आज लागतात. परतावा मागाहून, अनुदान आलं की मिळणार. त्यामुळे ‘नंतर मिळेल’ या शब्दांवर इथे कुणाचा भरवसा उरलेला नाही. नवी सवलत त्या वाटेने आणू नका.

आता सोलर. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्तला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. कमी वीज वापरणाऱ्यांसाठी राज्याने त्यात भर घालणारी ‘स्मार्ट’ योजनाही आणली. रकमेची तक्रार नाही. अडचण नावाची आहे. अर्ज करायचा तो ज्याच्या नावावर मीटर आहे त्याने, आणि कोकणात मीटर असतं आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन जमाना झाला. घर सामायिक, असेसमेंटच्या (घरपट्टी आकारणीच्या) उताऱ्यावर सात नावं, त्यांतले दोघे डोंबिवलीला, एक नालासोपाऱ्याला, एकाचा पत्ताच नाही. नाव बदलायचं तर संमती हवी. सगळे गणपतीत भेटतात म्हणून विषय गणपतीवर ढकलायचा, आणि गणपतीत घराच्या कागदांचा विषय काढला की आरतीआधीच भांडण. हे मी अतिशयोक्ती करून लिहीत नाही. माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांची ही नेहमीची कथा आहे. बँकेचं कर्जही याच कारणाने अडतं. जो घरात राहतो आणि बिल भरतो त्याच्या प्रतिज्ञापत्रावर, मालकी हक्काला धक्का न लावता, निदान वीज शुल्काची माफी आणि अनुदानाचा अर्ज स्वीकारता येईल असा शासन निर्णय काढा. निधीपेक्षा या एका कागदाने इथली छपरं लवकर भरतील.

छपरांवरून आठवलं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढेमागे पडव्या असं घर एप्रिलमध्येही दुपारी बसण्यासारखं असतं. तरी लोक स्लॅब घालतात, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. वानर कौलं फोडतात, शाकारणीला माणूस मिळत नाही, वादळाची धास्ती आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत छपरांची काय गत केली ते आपण पाहिलं आहे. पण स्लॅब तापतो, काही वर्षांत गळतो, मग वर पत्र्याची शेड येते आणि खालच्या खोलीत एसी. केंद्राने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. भिंतींतून आणि छपरातून किती उष्णता आत यावी याच्या मर्यादा तिच्यात आहेत. ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पांसाठी. वाडीतल्या घराचा तिच्यात विचार नाही. तो घरपट्टीत करता येईल. पुण्यासारख्या महापालिका सौरऊर्जा आणि पर्जन्यजल संधारण करणाऱ्याला मिळकतकरात सूट देतात. ग्रामपंचायत आणि नगरपंचायतीच्या आकारणीत कौलारू किंवा उष्णतारोधक छपराला अशी सूट ठेवा, आणि कौलं शाकारल्याची पावती तिच्यासाठी ग्राह्य धरा.

मात्र एक अट. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी. त्यातूनच पाणी आणि दिवाबत्ती चालते. सूट मुंबईत जाहीर झाली आणि खड्डा गावाच्या तिजोरीत पडला, असं होऊ नये. भरपाई राज्याने वीज शुल्काच्या जमेतून करावी, दर तिमाहीला.

गाड्यांबद्दल थोडक्यात, कारण तिथे राज्याने बरंच केलं आहे. इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन कर माफ आहे आणि तो नोंदणीच्या वेळीच माफ होतो, अर्ज नाही की परतावा नाही. मी वर जे मागतोय त्याचा नमुना हाच. टोलमाफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर जाहीर झाली. तिन्ही रस्ते रत्नागिरी-सिंधुदुर्गातून जात नाहीत, त्यामुळे आम्हाला तिचा उपयोग पाहुण्यांकडून ऐकण्यापुरता. इथे लोकांना अडवतो तो पावसाळा. झाड पडून लाइन गेली की स्कूटर दोन-दोन दिवस चार्ज होत नाही. आणि सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, इलेक्ट्रिकवरचा ५ वरच राहिला. दोन्हींतलं अंतर २३ टक्क्यांचं होतं ते १३ उरलं. शोरूममध्ये गिऱ्हाईक हा हिशेब करतं. ते अंतर पुन्हा वाढवायला राज्याकडे पैसे असतील तर आधी तीनचाकी मालवाहू गाड्यांकडे बघा. बागेतून आंब्याच्या पेट्या आणि जेटीवरून मासळी आणायला रोज ठरावीक, जवळची फेरी असते. इलेक्ट्रिक गाडी तिथे पहिल्यांदा परवडेल.

येत्या अर्थसंकल्पात हे सगळं बसणार नाही. वीज शुल्काची माफी आणि मीटरच्या नावाबद्दलचा शासन निर्णय एवढे दोन मुद्दे आधी घ्या. माझ्याकडे येणाऱ्यांची वीजबिलं आणि असेसमेंटचे उतारे, त्यांची परवानगी घेऊन, आपल्या विभागाला पाठवायची माझी तयारी आहे.

आपला,
विवरणपत्रं भरून देणारा एक देवगडकर