जिन्याच्या सफाईत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
मुलुंड (पूर्व), मुंबई

महोदय,

मंगळवारी सकाळी बी विंगच्या जिन्यात जो उग्र वास पसरला, तो ग्रुपवर सगळ्यांनी ‘फिनाईलचा असेल’ म्हणून सोडून दिला. मी खाली उतरले तेव्हा मीटर रूमजवळच्या बादलीत ब्लीचिंग पावडर कालवलेली होती आणि शेजारी पाण्याच्या बाटलीत सुटं ॲसिड, अर्धं संपलेलं. लादीवरचे डाग निघेनात म्हणून दोन्ही एकत्र ओतलं होतं. त्यातून क्लोरीन सुटतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी शत्रूवर सोडला होता, तोच वायू.

डोळ्यांतल्या आणि घशातल्या ओलाव्यात मिसळून तो आम्ल तयार करतो. आधी डोळे चुरचुरतात, घसा जळतो, मग खोकल्याची ढास लागते, छाती आवळून येते. बहुतेकांना मोकळ्या हवेत गेल्यावर उतार पडतो. दमेकऱ्यांना मात्र पंपाशिवाय भागत नाही. शिवाय वायू जास्त आत गेला असेल, तर फुप्फुसांत पाणी काही तासांनीही भरू शकतं, त्यामुळे ‘आता बरं वाटतंय’ यावर विसंबता येत नाही. धाप लागली तर 108 ला फोन करायचा, घरी वाफारा घेत बसायचं नाही.

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, म्हणून खालीच साचतो. त्याचा पहिला मारा तळमजल्यावर, वॉचमनच्या केबिनवर आणि सगळ्यात जास्त वाकून लादी घासणाऱ्या मावशींवर. त्यांचे डोळे लाल झाले होते, तरी नाकाला पदर लावून काम चालूच होतं. पदराने काय, साध्या मास्कनेही वायू अडत नाही. एजन्सीने त्यांची साधी चौकशी केली नाही. आपण तरी कुठे केली? ग्रुपवर तक्रार होती ती वासाची.

सोसायटीत ॲसिड बंदच करा. लादीला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. संडासाच्या क्लीनरमध्येही बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं, तेव्हा तो आणि ब्लीच वेगवेगळ्या कपाटांत ठेवावेत. पाण्याच्या बाटलीत असलं काही भरून ठेवणं तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल. सुटं ॲसिड विकताना गिऱ्हाइकाची नोंद ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलंय. हे कोणाच्या नावावर आणलं, तेही एजन्सीला विचारा. सफाई चालू असताना जिन्याच्या खिडक्या उघड्या हव्यात, पाऊस असला तरी.

मावशींची तपासणी सोसायटीच्या खर्चाने याच आठवड्यात करावी आणि एजन्सीला लेखी कळवून त्याची प्रत नोटीस बोर्डावर लावावी, ही विनंती.

आपली,
एक सभासद
बी विंग, पहिला मजला