पेडलचा धडा चुकीचा आहे, प्लीज दुरुस्त करा

नमस्कार,

मार्चमध्ये तुमचा डिजिटल पियानो घेतला, सोबत शिकायच्या ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन पण भरलं, कारण आमच्या गावात पियानो शिकवणारं कोणीच नाहीये. बोटं, नोटेशन, ताल हे सगळं ॲपमध्ये खूप छान शिकवलंय. तक्रार फक्त सस्टेन पेडलच्या (पायाने दाबलं की बोट उचलल्यावरही सूर वाजत राहतो, त्या पेडलच्या) धड्याची आहे.

त्यात हिरवा दिवा लागला की कॉर्ड (एकत्र वाजवायचे तीन-चार सूर) आणि पेडल एकदम दाबायला सांगतात. मी पाच महिने रोज तेच केलं, मार्क ९५ च्या वर, पण आवाज सगळा गिचमिड. सी मेजर कॉर्डवरून जी मेजर कॉर्डवर गेलं की आधीचा सी सूर नव्या बी सुराला चिकटून राहायचा आणि फार खटकायचं. मी लहानपणापासून पेटी वाजवते, पेटीवर बोट उचललं की सूर बंद, त्यामुळे मला वाटत राहिलं की माझ्याच पायाला जमत नाहीये.

मग एका रात्री हेडफोन लावून फक्त दोनच कॉर्ड तासभर अगदी सावकाश वाजवले तेव्हा कळलं, नवा कॉर्ड वाजतो त्याच क्षणी पाय वर यायला हवा आणि तो वाजल्यावर लगेच परत खाली. खऱ्या पियानोत पाय उचलला की डँपर (तारांचा आवाज थांबवणाऱ्या गाद्या) तारांवर बसतात आणि जुने सूर थांबतात, तुमच्या पियानोतही तसंच होतं. एकदम दाबलं तर आधीची बोटं पूर्ण उठलेली नसतात आणि जुने सूर आत अडकतात. एवढं एक वाक्य धड्यात कुठेच नाही!

आणि असं नीट वाजवलं तर ॲप म्हणतं 'उशीर झाला', मार्क ६१.

पुढच्या धड्यात बीथोवेनच्या मूनलाइट सोनाटाचा पहिला भाग आहे, तिथे अख्खा भाग पेडल दाबून ठेवा असं सांगितलंय. त्याने १८०१ मध्ये डँपर न लावता, म्हणजे पेडल दाबून, वाजवा असं लिहिलंय हे खरं, पण त्याच्या वेळच्या पियानोचा सूर लवकर विरायचा, आताच्या पियानोवर तसं केलं की सगळे कॉर्ड एकमेकांत मिसळतात.

दोनदा मेल केला, दोन्ही वेळा 'पेडलची वायर काढून परत लावा' एवढंच उत्तर आलं. वायर ठीक आहे हो. धडा बदला, पाय कधी उचलला त्यालाही मार्क द्या आणि ते होईपर्यंत हा धडा बंद ठेवा. ज्यांना विचारायला कोणी शिक्षक नाही ते तुमच्या त्या हिरव्या दिव्यावरच विश्वास ठेवतात. आणि माझं सबस्क्रिप्शन पाच महिने वाढवून द्या, ती सवय मोडायला मला तेवढे लागणारेत.

उत्तराची वाट बघतेय.