एडनच्या आखातातून

प्रिय मित्रा,

गेल्या पत्रात तू थट्टेत विचारलंस, "अरे, समुद्रात चाचे अजून असतात?" उत्तर आता येमेन आणि सोमालिया यांच्यामधल्या एडनच्या आखातातूनच लिहितोय. कठड्याबाहेर काटेरी तारेची वेटोळी आहेत, पाण्याचे होज बाहेर तोंड करून बांधलेत आणि मागच्या डेकवर जुना बॉयलर सूट भरून केलेलं बुजगावणं पहाऱ्याला उभं आहे. ते आमच्या बोसनसारखं, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमासारखं, दिसतं असं सगळे म्हणतात. बोसनला अर्थातच पटत नाही.

काल सिटाडेलचा, म्हणजे चाचे चढले तर लपायच्या सुरक्षित खोलीचा, सराव झाला. भोंगा वाजला की सगळ्यांनी इंजिन रूममागच्या पोलादी दारांच्या खोलीत शिरायचं. एकही माणूस बाहेर राहता कामा नये, कारण एक जरी चाच्यांच्या हाती लागला तरी कमांडोंना हल्ला करणं अवघड होतं. जानेवारी २०२४ मध्ये 'लीला नॉरफोक' या मालवाहू जहाजाचे २१ जण असेच आत बसून राहिले आणि आयएनएस चेन्नई या युद्धनौकेवरच्या मार्कोसनी, म्हणजे आपल्या नौदलाच्या कमांडोंनी, जहाज तपासून त्यांना सुखरूप बाहेर काढलं. आमचं जहाज भरलेलं असताना तेरा नॉटच्या (तासाला तेरा सागरी मैलांच्या) वर जात नाही, डेकही पाण्यापासून फार उंच नाही. अठरा नॉटच्या पुढे पळणाऱ्या जहाजावर चढणं जवळजवळ अशक्य, म्हणून सावज नेहमी आमच्यासारखंच.

हे सुरू कुठून झालं? १९९१ मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं आणि किनाऱ्याला वाली उरला नाही. परदेशी ट्रॉलर येऊन मासे ओरबाडून नेऊ लागले. तिथल्या मासेमारांनी बंदुका घेऊन त्यांना अडवलं, दंड वसूल केला. काही टोळ्या स्वतःला तटरक्षक म्हणवायच्या. इथवर मला त्यांची बाजू कळते. पण २००८ मध्ये किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर 'सिरियस स्टार' हा वीस लाख पिंपं तेलाचा टँकर पळवला, त्याचा मासळीशी काय संबंध? तोवर मागे पैसा लावणारे शेठ आले होते. होडीतल्या पोराला हिस्सा मिळतो तो थोडाच, मरण मात्र अख्खं.

खंडणी, विमा, लांबचा वळसा, या सगळ्याचा हिशेब कंपन्या लावतात. खलाशाचा हिशेब कोण लावणार? 'ॲस्फाल्ट व्हेंचर' हे जहाज चाच्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये पकडलं. खंडणी दिली, एप्रिल २०११ मध्ये जहाज सुटलं, पण सात भारतीयांना चाच्यांनी ठेवून घेतलं, कारण त्यांचे साथीदार भारताच्या तुरुंगात होते. ते सात जण घरी आले ते थेट २०१४ च्या अखेरीला. हे आठवलं की मला सरावाचा कंटाळा येत नाही.

सोमाली चाच्यांचे हल्ले २०११ मध्ये २३७ होते, २०१३ मध्ये १५ वर आले. युद्धनौकांची गस्त, ठरवून दिलेला मार्ग, जहाजावरचे बंदूकधारी रक्षक, सगळ्याचा हात त्यात आहे. पण बंदुकीची दुसरी बाजूही बघ. फेब्रुवारी २०१२ मध्ये 'एन्रिका लेक्सी' या इटालियन टँकरवरच्या सैनिकांनी केरळजवळ दोन मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या.

पूर्वी पकडलेल्या चाच्यांचं करायचं काय हाच घोळ असे. खटला कोणी चालवायचा? त्यासाठी भारताने २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने 'रुएन' हे पळवलेलं जहाज सोडवलं, ३५ चाचे शरण आले आणि त्यांना थेट मुंबई पोलिसांच्या हवाली केलं. तरी किनाऱ्यावर पोट भरायची सोय झाली नाही, तर पुढचे ३५ तयार होतच राहणार, असं मला वाटतं. आणि हे फक्त सोमालियाचं नाही. २०२० मध्ये जगभरात पळवून नेलेल्या १३५ खलाशांपैकी १३० पश्चिम आफ्रिकेजवळच्या गिनीच्या आखातातले होते.

परवा पहाटेच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, दोन होड्या सरळ आमच्या रोखाने आल्या. कॅप्टन ब्रिजवर धावत आला, भोंग्यावर माझा हात होता. दुर्बिणीत दिसलं, पुढच्या होडीतला म्हातारा दोन्ही हात हलवून आम्हाला बाजूला व्हा म्हणून खुणावत होता. त्याचं जाळं आमच्या वाटेत होतं. आम्ही वळलो. त्याने हात उंचावला, मीही उंचावला. भोंग्यावरची बोटं मात्र बराच वेळ थरथरत होती.

चार वाजत आले, वॉचला जातो. पुढच्या बंदरात तुझं पत्र मिळू दे.

तुझाच,
समुद्रावरचा मित्र