सही करण्याआधी

धुळे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

वाडा बिल्डरला द्यायचं तुम्हा भावांचं जवळपास ठरलंय, हे वहिनींकडून कळलं. सही करण्याआधी एवढं पत्र वाच.

आपल्या गल्ल्या इतक्या सरळ का आणि त्यांना नुसते नंबर का, हा प्रश्न लहानपणी कधी पडलाच नाही. 1803 च्या दुष्काळात आणि होळकरी धामधुमीत धुळं ओस पडलं होतं. वर्षभरात पेशव्यांचे सरदार विंचूरकर, त्यांच्या पदरच्या बाळाजी बळवंतांनी ते पुन्हा वसवलं. पुढे इंग्रज आले आणि कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचं ठाणं इथे केलं. 1819 साली गावात घरं 401, माणसं 2509. एका अंगाला पांझरा नदी, दुसऱ्या अंगाला पाट आणि भोवती बागाईत! ब्रिग्जने नवी पेठ आखून वसवली, म्हणून गल्ल्या अशा सरळ. घर बांधील त्याला जागा कायमची बिनभाड्याची, वर बांधायला उचल. गावच्यालाही आणि परक्यालाही. पेठ भरली ती अशी. 1872 च्या पुराने घरांची खूप नासाडी केली, तरी लोक इथेच राहिले. तुमच्या पणजोबांना जागा कशी मिळाली, ते माळ्यावरच्या पेटीतले कागद सांगतील. आधी ती पेटी उघडा.

दुसरं तुमच्या परसाचं. बंधाऱ्याचं पाणी पाटाने, पाळीपाळीने फडाला, म्हणजे शेतांच्या एकेका गटाला, द्यायची पांझराकाठची रीत इंग्रजांच्याही आधीची. गावाभोवतीचं बागाईत त्याच पाण्यावर पोसलेलं. आता तिथे कॉलन्या आहेत. मोकळं बसायला उरला नदीकाठ. संध्याकाळी गेलास तर म्हातारी माणसं, पोरंसोरं सगळी तिथेच दिसतील. गल्लीत मात्र झाड म्हणावं असं तुमच्या परसातल्या कडुनिंबाखेरीज काही राहिलेलं नाही, आणि बिल्डर तिथेच पार्किंग काढणार म्हणे. ते मला फार लागलं.

वाडा अजिबात पाडू नका, असं मी म्हणणार नाही. मागची भिंत कलली आहे, मी स्वतः पाहिली. पण करारात दोन गोष्टी घालून घ्या: कडुनिंब आणि विहीर राहील, आणि नवी इमारत गल्लीच्या रेषेपुढे एक वीतही येणार नाही. पेटीतले मोडी लिपीतले कागद राजवाडे संशोधन मंडळात दाखवू. 1927 पासून ते हेच काम करतंय. पेटीची किल्ली कुणाकडे आहे, तेवढं फोनवर सांग. थोरल्या दादांशी मी बोलतो, माझं ते ऐकतात.

तुझा,
बाळू