कॅमेऱ्याबरोबर आलेल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

गोरेगावच्या चित्रनगरीतली ती रात्र तुम्हाला आठवत नसेल. मी पहिल्यांदाच फोकस मारायला, म्हणजे नट हलेल तसा लेन्सचा फोकस फिरवायला, उभी होते. ८५ मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, नटी सात फुटांवर. एवढ्या अंतरावर फोकस मिळतो जेमतेम दीड-दोन इंच. ती खुर्चीतून उठून दाराकडे जायची आणि प्रत्येक वेळी माझा हात मागे राहायचा. तीन टेक सॉफ्ट, म्हणजे धूसर, गेले. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, त्यामुळे वाया गेलेला प्रत्येक टेक पैशात मोजला जायचा. ओरडा बसला. माझे हात थरथरायला लागले.

तेवढ्यात तुम्ही पुढे आलात आणि म्हणालात, "गेट चेक करतो, दोन मिनिटं द्या." गेट, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो ती कॅमेऱ्यातली चौकट, स्वच्छच होतं, काका. तुम्ही टॉर्च मारून उगाच आत बघत राहिलात आणि हळूच मला म्हणालात, "टेपचं माप पाठ झालंय ना? मग आता तिच्या खांद्याकडे बघ. उठायच्या आधी माणसाचा खांदा पुढे येतो. तो हलला की हात सोड."

चौथा टेक ओके झाला. आजही मी खांदाच बघते.

तुम्ही कॅमेरा भाड्याने देणाऱ्यांकडून पेट्यांबरोबर आलेले अटेंडंट. मला शिकवणं तुमच्या कामात नव्हतं. तरी जेवणाच्या सुट्टीत रद्दी फिल्म देऊन चेंजिंग बॅगेत, त्या उजेड न शिरणाऱ्या पिशवीत, मॅगझिन म्हणजे कॅमेऱ्याचा फिल्मचा डबा भरायला बसवायचात, हात कोपरापर्यंत आत आणि डोळे मिटलेले. हॉस्पिटलच्या सीनला ट्यूबलाइट बघितल्याबरोबर शटरचा कोन १८० अंशांवरून १७२.८ वर आणायला तुम्हीच सांगितलंत. कॉलशीटच्या मागे हिशेबही मांडून दाखवलात: २४ (सेकंदाला तेवढ्या फ्रेम) गुणिले ३६०, भागिले ५०. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून एक्स्पोजर सेकंदाचा पन्नासावा भाग हवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. फिल्मवर ते सेटवर कळत नाही, लॅबमधून रशेस, म्हणजे धुतलेल्या फिल्मची पहिली प्रिंट, आल्यावर कळतं. त्या दिवशीचं सगळं काम तुमच्यामुळे वाचलं. श्रेयनामावलीत तुमचं नाव आलं नाही. मला ते तेव्हाही लागलं होतं, आजही लागतं.

आता फिल्म गेली, मॅगझिन गेली. मी स्वतः कॅमेरा करते. परवा माझ्या असिस्टंट मुलीचा टेक सॉफ्ट गेला, तिचा चेहरा बघितला आणि मी म्हटलं, "लेन्स पुसायची आहे, दोन मिनिटं."

काका, मनापासून आभार. तुमचे उपकार मी विसरलेले नाही.

इतके दिवस आपण कॅमेऱ्याशेजारी उभे राहिलो, पण तुमचा एकही फोटो माझ्याकडे नाही. मे महिन्यात कणकवलीला येते आहे. पडवीत सकाळचा उजेड चांगला येतो असं तुम्ही सांगायचात. तिथे अर्धा तास माझ्या कॅमेऱ्यासमोर बसायचं आहे. काकूंनाही सांगून ठेवा.

तुमची,
फोकसवाली पोर